विचारायची सोय

(बचतगटांच्या सामुदायिक रेडिओ कार्यक्रमात झालेलं भाषण)

भाकऱ्या आटोपल्या असतील, भांडी राहिली असतील, तर भांडी घासता घासता ऐका. आज इतिहास सांगणार आहे, पण राजांचा आणि लढायांचा नाही. आपल्या अंगाचा इतिहास. पाळी, गरोदरपण, अंगावरून जाणं, नवरा-बायकोचा संबंध, यांविषयी आपल्या मुलखात उघड बोलायला कोणी सुरुवात केली, बोलणाऱ्यांचं काय झालं, आणि ते बोलणं आपल्या वाडीवस्तीपर्यंत यायला इतकी वर्षं का लागली, ते आज बघू. घरात मोठी पोरं असली तर रेडिओ बंद करू नका. त्यांनीही ऐकण्यासारखं आहे.

पूर्वीच्या बाया असलं काही बोलतच नव्हत्या, असं आपण धरून चालतो. तसं नव्हतं बरं का. पोरीला पहिल्यांदा न्हाण आलं की तिला मखरात बसवत. वाजंत्री लागायची, ओटी भरायची, साखर वाटायची. अमक्याची सून न्हाती झाली, हे चार गल्ल्यांना कळायचं. म्हणजे बाईच्या अंगातली सगळ्यात खाजगी गोष्ट वाजतगाजत गावाला सांगितली जायची. पण मखरात बसलेल्या त्या पोरीला कोणी सांगत होतं का, की हे रक्त कुठून येतं, का येतं, किती दिवस येईल? गावाला बातमी आणि पोरीला पत्ता नाही. लग्न तर तिचं आधीच झालेलं असायचं. ती आता मूल द्यायला तयार झाली, एवढाच त्या वाजंत्रीचा अर्थ होता.

१८९१ साली सरकारनं संमतिवयाचा कायदा केला. त्याआधी दहा वर्षांच्या बायकोशी संबंध ठेवणं कायद्याला चालत होतं, ते वय बारा केलं. फक्त बारा! तरी त्यावरून केवढं रान पेटलं. पुण्यात सभा झाल्या, वर्तमानपत्रं भरून लेख आले, लोकमान्य टिळकांसारखे पुढारी कायद्याच्या विरोधात उभे राहिले. त्या सगळ्या चर्चेचा विषय होता दहा-बारा वर्षांच्या पोरीचं शरीर, आणि बोलत होते मिशीवाले बाप्ये. पोरीला कोणी विचारलं नाही. मला विचाराल तर इथंच खरी गोम आहे. बाईच्या अंगाबद्दल बोलणं आपल्याकडे कायमच चालू होतं. बाईनं स्वतः विचारायची सोय मात्र नव्हती.

ती सोय करणारा पहिला माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्वे तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत, हिंगण्याला विधवा बायकांसाठी आश्रम काढणारे. त्यांचा हा थोरला मुलगा. जन्म १८८२ सालचा, कोकणातल्या मुरूडचा. नऊ वर्षांचा असताना त्याची आई, राधाबाई, बाळंतपणात गेली. असं मरण तेव्हा घरोघरचं होतं. बाई बाळंतपणात गेली की सुतक पाळायचं आणि वर्ष व्हायच्या आत दुसरी करायची. महर्षींनी पुढं विधवेशी लग्न केलं, म्हणून त्यांना गावानं वाळीत टाकलं. अशा घरात हा मुलगा वाढला.

मोठा झाल्यावर गणिताचा प्राध्यापक झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायचा. पण डोक्यात दुसरंच गणित घोळत होतं: बाईनं किती मुलं जन्माला घालायची, हे ठरवायचं कोणी? ‘संततिनियमन’ हा शब्द आज सरकारी वाटतो, त्या काळात तो तोंडातून काढणं म्हणजे चव्हाट्यावर नागडं होण्यासारखं होतं. कॉलेजवाले म्हणाले, हा प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा. कर्व्यांनी नोकरी सोडली. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं. आपल्या देशातलं ते पहिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स नावाच्या बाईनं इंग्लंडातलं पहिलं केंद्र काढलं. म्हणजे या बाबतीत आपण साहेबाच्या मागं नव्हतो, बरोबरीनं होतो.

इथं मालतीबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. या कर्व्यांच्या पत्नी. नवऱ्याची नोकरी गेली, मिळकत धड नाही, वर लोकांच्या शिव्या. घर चाललं ते बऱ्याच अंशी मालतीबाईंच्या पगारावर. दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली, बायकोवर नाही. शंभर वर्षांपूर्वी! आज आपल्या गावात ‘ऑपरेशन’ म्हटलं की कोणाचं, हे विचारावं लागत नाही. बाईचंच. आपल्या गटातल्या किती जणींच्या नवऱ्यांनी नसबंदी केली, मोजून बघा. एका हाताची बोटं पुरतील, आणि उरतीलसुद्धा.

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी मासिक काढलं, ‘समाजस्वास्थ्य’. २६ वर्षं चाललं, १९५३ मध्ये ते वारले तेव्हा थांबलं. मुखपृष्ठावर उघड्या स्त्रीचं चित्र असायचं. शरीराची लाज कसली, हे त्यांना दाखवायचं होतं. ते चित्र मला आजही खटकतं. लाज घालवायची तर चित्र बाईचंच का? पण आतला मजकूर वेगळा होता. गर्भ कसा राहतो, कसा टाळता येतो, लैंगिक आजार कसे लागतात, स्त्रीलाही सुख मिळायला हवं आणि तो तिचा हक्क आहे, अशा गोष्टी ते सरळ मराठीत, आडपडदा न ठेवता लिहायचे. भाषा कडक, स्वभाव तिरकस. कोणाची भीड नाही.

त्या मासिकातलं सगळ्यात मोलाचं सदर माझ्या मते वाचकांच्या प्रश्नांचं. लोक पत्र लिहून विचारत आणि कर्वे छापून उत्तर देत. हाताने वीर्य काढलं तर माणूस खंगतो का? पुरुषाला पुरुषाचं आकर्षण वाटलं तर तो रोग म्हणायचा का? असले प्रश्न तेव्हा वैद्याला विचारायचे तर वैद्य भस्म देणार, बापाला विचारायचे तर बाप थोबाडीत देणार. विचारायला जागा मिळाल्याबरोबर माणसं विचारायला लागली. प्रश्न आधीपासूनच पोटात होते.

आणि नेमका त्या उत्तरांवरच खटला झाला. त्याआधी १९३१ साली एका लेखासाठी अश्लीलतेच्या आरोपावरून कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ साली दुसरा खटला उभा राहिला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. कर्व्यांच्या बाजूनं मुंबईच्या कोर्टात कोण उभं राहिलं माहीत आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेब त्या वेळी देशभर गाजलेले पुढारी होते. पुणे करार होऊन दोनच वर्षं झाली होती. एवढ्या धामधुमीत त्यांनी हे वकीलपत्र घेतलं. त्यांचा मुद्दा आपल्या गटातल्या कोणालाही पटेल असा होता: लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते लगेच अश्लील होत नाही. लोक जर प्रश्न विचारत असतील आणि त्यांच्या मनात चुकीच्या समजुती असतील, तर त्या ज्ञानानंच दूर होणार. मग उत्तर देणाऱ्याला शिक्षा का? न्यायाधीशांना ते पटलं नाही. दोनशे रुपये दंड झाला. तेव्हाचे दोनशे.

बाबासाहेब तिथं थांबले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, आणि त्यासाठी बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण सभागृहात केलं. लागोपाठच्या बाळंतपणांनी बाईची काया झिजते, तिची दुसरी कुठलीही प्रगती होऊ शकत नाही, असा त्याचा रोख होता. ठराव फेटाळला गेला. पण आमदारांनी भर सभागृहात बाळंतिणीच्या हालाबद्दल बोलावं, हे तरी घडलं.

याच काळात वर्ध्याला एक भेट झाली, तीही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत संततिनियमनाची चळवळ उभी करणाऱ्या मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये महात्मा गांधींना भेटायला वर्ध्याला आल्या. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता, संयम पाळावा असं त्यांचं म्हणणं. बाईनं नवऱ्याला ‘नाही’ म्हणायला शिकलं पाहिजे, असं ते सांगत. सँगरबाईंना ते पुरेसं वाटत नव्हतं. बाईच्याही मनात प्रेम असतं, ओढ असते, तिचं काय? दोघांचं जमलं नाही. तरी नवरा-बायकोच्या संबंधाबद्दल दोन मोठी माणसं आडपडदा न ठेवता बोलली, कोणी कोणावर खटला भरला नाही. आणि ‘नाही’ म्हणण्याचा तो मुद्दा, मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा. रात्री नवरा पिऊन आला असताना ‘नाही’ म्हणून बघितलेल्या बाया या कार्यक्रमाच्या श्रोत्यांमध्ये असतील. काय झालं ते त्यांना माहीत आहे. गांधीजींचं म्हणणं बरोबर होतं, पण ‘नाही’ ऐकून घ्यायला बाप्यांना कोण शिकवणार, ते राहून गेलं.

कर्व्यांच्या नात्यातल्या शकुंतलाबाई परांजपे, रँग्लर परांजप्यांच्या कन्या, यांनी हे काम पुढं नेलं. परदेशात शिकलेल्या, चित्रपटात काम केलेल्या बाई. १९३८ पासून पुण्यात त्यांनी संततिनियमनाचं काम धरलं. पुढं त्या विधान परिषदेवर गेल्या, १९६४ ते १९७० राज्यसभेवर होत्या. बाईनं बाईशी बोलायचं, हे त्यांच्यामुळे सुरू झालं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं मराठीत झालं तर आमच्या आज्यांना यातलं काही कसं माहीत नव्हतं? साधं आहे. ‘समाजस्वास्थ्य’ वाचावं लागायचं. १९३१ च्या खानेसुमारीत देशातल्या शंभर बायकांत जेमतेम तिघींना लिहिता-वाचता येत होतं, आणि त्या तिघी आपल्या शिवारात नव्हत्या. प्रश्न टपालानं पाठवायचा तर लिहून कोण देणार? तलाठ्याला सांगायचं, की दादा, लिहा, मला अंगावरून जातंय म्हणून? मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या लोकांसाठी खिडकी उघडली होती. आपलं घर त्या रस्त्यावर नव्हतं.

मग गावात काय आलं? भिंत आली. १९५२ पासून सरकारनं कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम घेतला. पुढं दवाखान्याच्या, शाळेच्या, चावडीच्या भिंतीवर लाल त्रिकोण रंगला, हसऱ्या आईबापांचं आणि दोन पोरांचं चित्र आलं. १९६८ पासून ‘निरोध’ किराणा दुकानातही मिळू लागलं. हे चांगलंच झालं, त्याला नावं ठेवत नाही. मुलं कमी झाली, बाया वाचल्या. पण भिंत बोलते, ऐकत नाही. भिंतीवर लिहिलेलं वाचून बाईनं विचारावं, की ऑपरेशन केल्यावर पाळी बंद होते का, अंगातली ताकद जाते का, तर भिंतीला कान नाहीत. आणि ज्यांना कान होते त्यांना ‘टार्गेट’ होतं. आणीबाणीत, १९७५ ते ७७ या काळात, पुरुषांना धरून धरून नसबंद्या झाल्या. त्याचा असा धसका बसला, की पुरुष कायमचे बाजूला झाले आणि सगळं ओझं बाईच्या पोटावर आलं. शिबिरात रांगेनं झोपवून टाके घातले, घरी पाठवलं. कर्वे म्हणत होते, बाईनं ठरवावं. आकडा पुरा करणाऱ्यांनी त्यातलं ‘ठरवावं’ वगळलं.

याच्यामध्ये एक गोष्ट घडली, ती मात्र बऱ्याच बायांपर्यंत आजही पोचलेली नाही, म्हणून थांबून सांगते. १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला. ठराविक कारणांसाठी, मान्यता असलेल्या दवाखान्यात, शिकलेल्या डॉक्टरकडून गर्भपात करून घेणं तेव्हापासून कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि अठरा वर्षांच्या वरच्या बाईला फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. गर्भलिंग तपासणं हा गुन्हा आहे, तो कायदा निराळा. या दोन कायद्यांची गल्लत होऊन ‘गर्भपात म्हणजे पोलीस’ असं बायांच्या मनात बसलंय, आणि त्या भीतीपोटी बाई लपूनछपून कोणाकडून काड्या घालून घेते, नाहीतर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणते. ही भीती पाळतीवर ठेवलेल्या सुनेसारखी पिढ्यान्‌पिढ्या गप्प आहे.

आता येते ती गोष्ट, जिच्यासाठी मी आजचा विषय घेतला. ती गडचिरोलीची आहे.

डॉ. राणी बंग चंद्रपूरच्या. स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या आणि त्यांचे पती डॉ. अभय बंग गडचिरोलीत काम करायला लागले, तेव्हा तो महाराष्ट्राच्या अगदी टोकाचा, जंगलाचा जिल्हा. त्या वेळी जगभर असं धरलेलं होतं, की खेड्यातल्या बाईचा आरोग्याचा प्रश्न म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, बस. गरोदर नसलेल्या बाईला काय होतं, हे कोणी विचारलेलंच नव्हतं. राणीताईंनी ठरवलं, की दोन गावांतल्या सगळ्या बायांना तपासायचं. दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावातल्या सगळ्या. तेरा वर्षांपुढच्या मुलींपासून म्हाताऱ्यांपर्यंत.

विचार करा हे किती अवघड आहे. गावात येऊन कोणी म्हटलं, की सगळ्या बायांनी आतून तपासून घ्यायचं, तर आपण काय म्हणू? पहिल्यांदा पुढारी विचारणार, कशाला. मग सासू विचारणार. मग नवरा. गाव राजी झाल्याशिवाय हे होणारच नव्हतं. ६५० बायांची तपासणी झाली, आणि १९८९ च्या जानेवारीत तिचे आकडे ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

आकडे सांगते, नीट ऐका. शंभरातल्या ९२ बायांना अंगातला काही ना काही आजार होता. एकेका बाईला सरासरी साडेतीनहून जास्त आजार. त्यांतले निम्मे जंतुसंसर्गाचे, म्हणजे बहुतेक औषधानं बरे होणारे. आणि आतापर्यंत कधी तरी आतून तपासणी होऊन उपचार मिळालेल्या बाया किती? शंभरात आठ.

अजून एक आकडा आहे. तक्रार सांगणाऱ्या बाया होत्या शंभरात ५५. म्हणजे आजार ब्याण्णवांना आणि त्रास आहे असं म्हणणाऱ्या पंचावन्न. उरलेल्यांचं काय? काहींना खरंच जाणवत नसेल. पण बाईचा जन्म आहे तर अंगावर जाणारच, कंबर दुखणारच, असं आईनं सांगितलं, आईला तिच्या आईनं सांगितलं. दुखणं रोजचं झालं की ते दुखणं राहत नाही, ते अंगाचाच भाग होऊन बसतं. आपल्या गटाच्या बैठकीत मी एकदा विचारलं होतं, कोणाकोणाला पांढरं जातं? कोणी हात वर केला नाही. मग विचारलं, कोणाला जात नाही? तेव्हाही कोणी हात वर केला नाही. आणि सगळ्या जणी हसायला लागल्या. त्या दिवशी कर्जाच्या हप्त्याचं बोलणं झालंच नाही.

गडचिरोलीच्या बाया मुक्या होत्या असं समजू नका. राणीताई ऐकायला बसल्या तेव्हा बाया भरभरून बोलल्या. प्रत्येक त्रासाला त्यांच्याकडे नाव होतं, पांढऱ्या पाण्याचे प्रकार त्यांना ठाऊक होते, त्यानं अंग कसं गळून जातं, हे त्या बारकाईनं सांगू शकत होत्या. डॉक्टर ज्याला किरकोळ म्हणून हसण्यावारी नेतात, ते बायांच्या लेखी मोठं दुखणं होतं. त्यांनी सांगितलेल्यातूनच पुढं राणीताईंचं ‘कानोसा’ हे पुस्तक झालं. नाव किती नेमकं आहे बघा. कानोसा घ्यायचा असतो तर आधी आपण गप्प बसावं लागतं.

या दोन गावांच्या आकड्यांची दखल जगानं घेतली. १९९४ साली इजिप्तमध्ये कैरोला लोकसंख्येवर मोठी जागतिक परिषद झाली. तिथं देशांनी कबूल केलं, की नुसते जन्म मोजून भागणार नाही, बाईचं एकूण प्रजनन आरोग्य बघावं लागेल. १९९७ मध्ये आपल्या सरकारनं त्या अंगानं नवा कार्यक्रम आणला. याचं श्रेय एकट्या गडचिरोलीचं नाही, जगभरच्या बाया झगडत होत्या. पण त्या ६५० बायांनी लाज बाजूला ठेवून तपासून घेतलं, त्यांचा त्यात वाटा आहे. त्यांतल्या बहुतेकींना तो कधी कळलाही नसेल.

त्याच सुमाराला आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सांगलीत, एड्सची साथ पसरत होती. तिथं १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या बायांबरोबर काम सुरू केलं. निरोध वापरायचं, गिऱ्हाइकाला वापरायला लावायचं, हे त्या बाया एकमेकींना शिकवायला लागल्या आणि १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना उभी केली. ज्यांना समाज नाव घेऊन बोलत नाही, त्यांनी जे उघड बोललं, त्यानं घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायाही वाचल्या असतील. कारण तो आजार नवऱ्याबरोबर घरात येत होता. ‘गुप्तरोग’ हा शब्दच बघा की. रोग गुप्त ठेवायचा असं नावातच ठरवून टाकलंय, मग तो बरा कसा होणार?

आणि हे सगळं होऊनही २००७ साली, शाळेत लैंगिक शिक्षण द्यायचं म्हटल्यावर, आपल्याच विधिमंडळात गोंधळ झाला आणि तो कार्यक्रम रोखला गेला. कर्व्यांच्या मासिकाला तेव्हा बरोबर ८० वर्षं झाली होती.

बोलायची सोय नसली तर त्याची किंमत कोण आणि कशी चुकवतं, ते बीड जिल्ह्यात दिसलं. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्यातल्या अनेक जणी आहेत, त्यांना मी काय सांगू? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळीचं कापड बदलायला जागा नाही, मग संसर्ग होतो, पोटात दुखतं, अंगावरून जातं. बाई खाजगी दवाखान्यात जाते आणि तिला सांगतात, ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाक.’ २०१९ साली हे वर्तमानपत्रांतून बाहेर आलं आणि सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा बायांमागं एक.

गडचिरोलीच्या अभ्यासानंतर तीस वर्षांनी हे उघड झालं. ज्या त्रासाला बहुतेक वेळा औषधगोळी पुरते, त्यासाठी पोट फाडलं गेलं. मी डॉक्टरांनाच सगळा दोष देत नाही. पाळी नको, खाडा नको, म्हणून काही बायांनी स्वतः होकार दिला, हेही खरं. पण पिशवीबरोबर अंडाशय काढलं तर पंचविशी-तिशीतच पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, हे आधी सांगितलं असतं तर किती जणींनी होकार दिला असता? कर्ज काढून पिशवी काढायची आणि ते कर्ज फेडायला पुन्हा फडात जायचं, कंबर तर अजून जास्त दुखते, अशी गत झालेल्या बाया तुमच्या-माझ्या ओळखीच्या आहेत.

तेव्हा कोणी तुम्हाला पिशवी काढायला सांगितली, तर होकार देण्याआधी डॉक्टरला विचारायचं: मला नेमका कुठला आजार आहे, त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. औषधानं बरा होणार नाही का, आणि औषध देऊन बघितलंय का? कॅन्सरची भीती आहे म्हणता तर तपासणीचा कागद कुठंय? अंडाशय काढणार की ठेवणार? डॉक्टर रागावला तर रागावू द्या. चिठ्ठी घेऊन सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्यायचं. बीडमध्ये २०१९ नंतर खाजगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली, ती उगाच नाही. थोडं पांढरं जाणं, विशेषतः दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, हे नेहमीचं असतं. वास येत असेल, खाज असेल, रंग हिरवट-पिवळा असेल, ओटीपोट दुखत असेल, तर तपासायला जायचं. संसर्ग असला तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागू शकतं, नाहीतर तो परत फिरून येतो. नवऱ्याला घेऊन जायला लाज वाटत असेल तर आशाताईला सांगा. त्या दोघांनाही घेऊन जातील.

आता आपल्या केंद्राचं. आपल्या खोलीच्या बाहेर, पाण्याच्या टाकीजवळ, एक पेटी लावली आहे. त्यात चिठ्ठी टाका, नाव लिहायचं नाही. लिहिता येत नसेल तर फोन करा, आवाज ओळखू येऊ नये म्हणून तुमचा प्रश्न दुसरी कोणीतरी वाचून दाखवेल. पुढच्या बुधवारी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई उत्तरं द्यायला येणार आहेत. आतापर्यंत पेटीत अकरा चिठ्ठ्या आल्यात. त्यांतल्या दोन बाप्यांच्या आहेत, अक्षरावरून कळतंय. त्यांचीही उत्तरं देऊ.